नवव्या पाठातली शांतता

सोमवारी सकाळी सव्वादहाला फोन वाजला, तेव्हा स्टेनोबाई खिडकीत बसून चष्म्याच्या काचा पुसत होत्या. पलीकडे त्यांची मोठी बहीण होती आणि तिला धड बोलताही येत नव्हतं.

"आवाज माझाच आहे गं," ताई म्हणाली. "पण मी असं बोललेले नाही."

स्टेनोबाई पायात चपला सरकवून निघाल्या.

ताई पूर्वी इस्पितळात परिचारिका होती. गेली नऊ वर्षं ती घरच्या घरी रुग्णसेवा शिकवणारा अभ्यासक्रम चालवत होती आणि तिथे सगळे तिला मॅडम म्हणत. विद्यार्थी दूरदूरचे, बहुतेक बायका, हातातलं काम न सोडता शिकणाऱ्या. म्हणून यंदापासून छापील पाठांऐवजी ध्वनिसंदेश सुरू झाले होते. ताई दर आठवड्याला एक पाठ रेकॉर्ड करायची आणि शनिवारी तो अभ्यासक्रमाच्या वेबसाइटवर चढायचा. या आठवड्यात नववा पाठ होता: अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खाऊ-पिऊ कसं घालावं.

त्या पाठात ताईचा शांत, समजुतीचा आवाज सांगत होता, "पाणी मागितलं तर आडवंच ठेवून घोट घोट पाजा. काही होत नाही."

एका सुनेनं ते त्याच सोमवारी सकाळी सातला ऐकलं आणि साडेसातला सासऱ्यांना तसंच पाणी पाजलं. पाणी श्वासनळीत गेलं. म्हातारा आता इस्पितळात यंत्रावर होता.

संस्थेनं पाठ वेबसाइटवरून उतरवला, ताईला घरी बसवलं आणि गुरुवारी दुपारी बाराला चौकशी लावली. चूक तिची ठरली तर परिचारिका म्हणून असलेली नोंदणी जाणार होती आणि प्रकरण पोलिसांत जाणार होतं. साठी ओलांडलेल्या बाईचं चाळीस वर्षांचं नाव तीन दिवसांत मातीत जायची वेळ आली होती.

स्टेनोबाईंनी कोर्टात चौतीस वर्षं साक्षी उतरवून घेतल्या होत्या. नाव मागे पडलं आणि हुद्दाच चिकटला. स्वभावानं त्या डूख धरणाऱ्या. शाळेत ताईचं दप्तर चिखलात टाकणाऱ्या मुलीशी त्या अजून बोलत नाहीत, आणि ती मुलगी आता आजी झाली आहे.

"कोणी केलं ते मी शोधते," त्या ताईला म्हणाल्या. "आणि मग त्याला सोडत नाही."

ताईनं मान हलवली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

*

संस्थेचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे मुळात सामान ठेवायची कोठी. भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकलेली, आत एक टेबल, एक माइक, एक पेन्सिल. पंखा नाही. दारावर आठवड्याच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, प्रत्येकीवर पाठाचा क्रमांक आणि लांबी. नववीवर लिहिलं होतं: साडेचौदा मिनिटं.

रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्याला सगळे ध्वनिवाला म्हणत. तो तिशीचा, हडकुळा आणि घाबरलेला. स्टेनोबाईंनी त्याला माइकसमोरच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. कोर्टात राहून एवढं तर कळतंच.

"मॅडम कशा रेकॉर्ड करतात, पहिल्यापासून सांगा."

"आधी दहा सेकंद गप्प बसतात. कोणालाही रेकॉर्ड करायचं असलं की आधी दहा सेकंदांची शांतता. मी बोट वर केलं की सुरू करतात. वाक्य चुकलं की पेन्सिल दोनदा वाजवतात आणि तेच वाक्य पुन्हा घेतात. मग मी चुकलेलं काढून टाकतो."

"ती शांतता कशाला?"

"प्रत्येक खोलीला तिची अशी शांतता असते. वाक्य कापलं की मध्ये भोक पडतं. तिथे नुसतं रिकामं सोडलं तर कानाला खड्डा जाणवतो. म्हणून त्याच खोलीतली शांतता भरायची. शिवाय एखाद्याच्या रेकॉर्डिंगमागे घरघर असेल, तर त्याच्या शांततेवरून ती ओळखून पुसता येते."

"मॅडमचं मूळ रेकॉर्डिंग कुठे आहे?"

त्यानं मान खाली घातली. जागा पुरत नाही म्हणून पाठ चढवला की शनिवारी तो सगळं पुसायचा. "आवाज पुसतो. शांतता तेवढी ठेवतो. मॅडमच्या नऊच्या नऊ आहेत माझ्याकडे."

"शनिवारी तुम्ही चढवलेल्या पाठात ते वाक्य होतं?"

"होतं, पण पुढे-मागे बांध घालून. 'कोणी म्हणेल, पाणी मागितलं तर आडवंच ठेवून घोट घोट पाजा. काही होत नाही. असं मुळीच करू नका.' मॅडमची पद्धतच ती. आधी लोक काय चुकतात ते सांगायचं आणि मग कान उपटायचे. प्रत्येक पाठात अशी चार-पाच वाक्यं असतात."

वेबसाइटची नोंद सांगत होती की रविवारी दुपारी कोणीतरी नववा पाठ काढून नवा चढवला, तोही मॅडमच्या नावानं. त्याला अर्थ नव्हता. मॅडमचा पासवर्ड त्यांच्या टेबलाच्या काचेखाली चार वर्षं सुखानं नांदत होता आणि घरबसल्या कोणालाही वापरता येत होता.

"शनिवारच्या आधी तो पाठ कोणाकोणाकडे गेला?"

"दोघांकडे. उपप्रमुख सर तपासून होकार देतात. आणि निवेदिका. पाठ ऐकून ती सुरुवातीचं निवेदन करते, परीक्षेच्या सूचनाही तीच रेकॉर्ड करते. नवरा अंथरुणाला खिळलाय, म्हणून घरूनच करते सगळं. मॅडमनीच तिला इथे घेतलं, सहा वर्षं झाली. आधी छापील पाठ टाइप करायची."

म्हणजे संशयित तीन. स्टेनोबाईंना बरं वाटलं. राग तिघांत वाटून ठेवता येत होता.

*

उपप्रमुख सरांना मॅडमची खुर्ची हवी होती आणि ही गोष्ट ऑफिसातल्या पाण्याच्या पिंपालासुद्धा ठाऊक होती. त्यांनी स्टेनोबाईंना बसायला सांगितलं आणि दुःखी चेहरा केला. मॅडम आताशा थकतात, म्हणाले, बोलण्याच्या ओघात निघून गेलं असेल.

"तुम्ही पाठ ऐकून होकार दिलात?"

"अर्थात. प्रत्येक पाठ ऐकतो मी."

"मग ते वाक्य खटकलं नाही?"

"तेव्हा लक्षात आलं नाही."

"किती मिनिटांचा होता?"

"बाराचा."

स्टेनोबाईंनी वहीत दोन रेघा ओढल्या. वेबसाइटवरचा पाठ बारा मिनिटांचा होता, पण सरांकडे शुक्रवारी गेला तो साडेचौदा मिनिटांचा.  थोडं धारेवर धरल्यावर त्यांनी कबूल केलं की त्यांनी यंदाचा एकही पाठ ऐकलेला नाही. होकार आपला सवयीनं देत गेले आणि फाइल न उघडताच पुसत गेले.

"आणि तुमचं स्वतःचं रेकॉर्डिंग?"

"मला नाही जमत ते. एकदा भाषण फोनवर रेकॉर्ड केलं होतं, त्यात अर्धा वेळ माझा खोकलाच आहे."

*

मंगळवारचा अख्खा दिवस स्टेनोबाईंनी कानात हेडफोन घालून काढला. साक्षीदार काय बोलला यापेक्षा तो कुठे आणि किती वेळ गप्प बसला, हे टिपायची त्यांना जुनी खोड होती. ध्वनिवाल्यानं वेबसाइटवरून उतरवून दिलेला नववा पाठ त्यांनी एकतीस वेळा ऐकला. समोर ताईच्या हातचा कच्चा मसुदा होता. त्यात ते वाक्य ध्वनिवाल्यानं सांगितलं तसंच होतं, आणि शेजारी समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात एक उदाहरण घातलेलं होतं.

"अकरा वर्षांपूर्वीची दुपार. खिडकीजवळच्या खाटेवर एक तरुण होता, लहानसं ऑपरेशन झालेला, अजून गुंगीत. त्यानं पाणी मागितलं. त्या वेळी वॉर्डात एकच परिचारिका होती. तिनं घाईत त्याला न उठवता पाणी पाजलं. तो जगला, पण पुन्हा कधी बोलला नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलंय."

वेबसाइटवरच्या पाठात यातलं काहीच नव्हतं.

संध्याकाळच्या आत त्यांना ते सापडलं. आवाज पूर्ण चढवला तरी ताईच्या बोलण्यामागे स्वच्छ शांतता होती. "काही होत नाही" संपलं की मात्र दोन सेकंद कुठेतरी काहीतरी गुरगुरायचं. पुढचं वाक्य आलं की गुरगुर बंद. त्यांनी ध्वनिवाल्याला फोन केला. कोठीत एखादं यंत्र वगैरे होतं का, विचारलं. तो म्हणाला, तिथे रेकॉर्डिंगच्या वेळी दिवासुद्धा बंद ठेवतो.

*

बुधवारी सकाळी त्या निवेदिकेच्या घरी गेल्या. दोन खोल्या, चकचकीत पुसलेल्या. पंचेचाळिशीची बाई, आवाज मधासारखा आणि हात कामानं खरखरीत. तिनं पेलाभर पाणी पुढे केलं, मॅडमची चौकशी केली. मॅडमचे आपल्यावर उपकार आहेत, म्हणाली, पण हे म्हणताना तिनं स्टेनोबाईंकडे पाहिलं नाही.

आतल्या खोलीत तिचा नवरा पडलेला होता. डोळे उघडे, नजर छताला. नाकात नळी, अंगाखाली हवेची गादी. एवढी वर्षं पडून असलेल्या माणसाच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. स्टेनोबाईंनी मनातल्या मनात तिला हात जोडले.

"किती वर्षं झाली?"

"अकरा. एवढंसं ऑपरेशन होतं, मावशी. दुसऱ्या दिवशी घरी येणार होते. त्यांना बाहेरचं दिसावं म्हणून मीच खिडकीजवळची खाट मागून घेतली होती. मी पाच मिनिटं खाली औषध आणायला गेले. परत आले तर म्हणे हृदय बंद पडलं होतं."

"तेव्हा कोणाला जाब विचारला नाही?"

"कोणाला विचारणार? सगळे इतके प्रेमानं बोलत होते."

स्टेनोबाईंनी डोळे मिटून कान लावला. त्यांना सवय होती. निवेदिका अस्वस्थ होऊन चादर सारखी करू लागली.

"ही घरघर कसली येतेय?" स्टेनोबाईंनी विचारलं.

"कसली घरघर?" निवेदिकेनं इकडेतिकडे पाहिलं. "काही नाही हो, शांतच तर आहे."

स्टेनोबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि निरोप घेतला.

तिथून त्या सरळ ताईकडे गेल्या. ताई दोरीवरच्या चादरी काढून घडी घालत होती.

"निवेदिकेला नोकरी तू का दिलीस?"

"गरज होती तिला."

"गरज पुष्कळांना असते. बरं, नवव्या पाठातली ती परिचारिका कोण?"

"होती एक."

"आणि तू तिथेच होतीस?"

"पाहिलं म्हटलं ना मी," ताई म्हणाली, आणि घातलेली घडी मोडून तीच चादर पुन्हा घडी घालू लागली.

घरी परतताना स्टेनोबाईंचा राग तसाच होता. फक्त तो कुठे ठेवायचा हे त्यांना उमगेना.

*

गुरुवारी बाराला संचालकांच्या खोलीत सगळे जमले. सासऱ्यांना यंत्रावरून काढलं होतं आणि ते वाचणार होते, ही बातमी संचालकांनी आधी सांगितली. उपप्रमुख सर कोपऱ्यात होते. ध्वनिवाल्यानं लॅपटॉप आणला होता. निवेदिकेला मुद्दाम बोलावलं होतं. शेजारणीला नवऱ्याजवळ बसवून ती आली होती. ताई हात मांडीवर ठेवून बसली होती.

स्टेनोबाई उभ्या राहिल्या.

"मॅडमची जीभ घसरलेली नाही. पाठ कापलेला आहे. साडेचौदा मिनिटांचा बारा झाला. पुरावा पाहिजे तर ऐका." त्यांच्या खुणेसरशी ध्वनिवाल्यानं आवाज चढवला. काही होत नाही. मग गुरगुर. मग पुढचं वाक्य.

"ज्यानं कापलं त्याला ठाऊक होतं की भोक शांततेनं भरावं लागतं. उपप्रमुख सरांना ते ठाऊक नाही. त्यांना मुळात पाठात काय आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यांना आळसाबद्दल काय द्यायचं ते द्या, या गुन्ह्यातून ते सुटले."

सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग तो चारचौघांत टाकला हे लक्षात येऊन खोकले.

"ध्वनिवाल्याला कापता येतं. पण त्याच्याकडे मॅडमच्या नऊ शांतता तयार आहेत. तो दुसरीकडची का आणेल? म्हणजे हे काम अशा माणसाचं, ज्याला शांतता भरायची असते एवढं कळतं, पण ज्याच्याकडे मॅडमची शांतता नाही. त्यानं स्वतःची वापरली."

ध्वनिवाल्यानं दुसरं रेकॉर्डिंग लावलं. निवेदिकेनं कालच परीक्षेची सूचना पाठवली होती, अजून न पुसलेली. तिच्या सुरुवातीच्या दहा सेकंदांत तीच गुरगुर होती.

"अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी असते. तिचा पंप अहोरात्र चालतो. ध्वनिवाला दर वेळी तो आवाज पुसून सूचना चढवतो, म्हणून तो वेबसाइटवर कधी ऐकू आला नाही. नववा पाठ मात्र रविवारी त्याच्या हाताखालून गेलाच नाही." स्टेनोबाई निवेदिकेकडे वळल्या. "काल मी तुला विचारलं, घरघर कसली. तुला ती ऐकूच येत नाही. अकरा वर्षं तू तिच्यातच झोपतेस आणि तिच्यातच उठतेस. तुझ्या घरात तीच शांतता आहे."

निवेदिकेनं नाकारलं नाही. तिनं पदर सावरला आणि ताठ बसली.

"पण का?" संचालकांनी विचारलं. "मॅडमनी तर तुम्हाला नोकरी दिली."

"तेच मलाही कळेना," स्टेनोबाई म्हणाल्या. "मॅडमच्या प्रत्येक पाठात अशी चार-पाच उलटी वाक्यं असतात. नुसतं बदनामच करायचं तर पहिल्या पाठातच जमलं असतं. आठ आठवडे गप्प बसून नवव्यालाच का? कारण नवव्या पाठात मॅडमनी एक उदाहरण दिलं होतं." त्यांनी मसुदा वाचून दाखवला. खिडकीजवळची खाट, लहान ऑपरेशन, अकरा वर्षं. निवेदिकेनं डोळे मिटून घेतले.

"आता शेवटच्या दोन वाक्यांकडे बघा. वॉर्डात एकच परिचारिका होती. आणि मॅडम म्हणतात, मी डोळ्यांनी पाहिलंय." स्टेनोबाई बहिणीकडे वळल्या. "एकच होती, ताई. मग बघणारी कोण?"

ताई काही बोलली नाही. हे गप्प बसणं किती सेकंदांचं होतं ते स्टेनोबाईंनी मोजलं नाही.

बोलली ती निवेदिका. "त्या दुपारी वॉर्डात मॅडमच होत्या. ह्यांनीच माझे हात धरले होते. रडल्या होत्या माझ्याबरोबर. म्हणाल्या, हृदय बंद पडलं. पुढे नोकरी दिली. मी सहा वर्षं रोज ह्यांच्यासाठी देवाजवळ दिवा लावत होते. शुक्रवारी तो पाठ ऐकला. त्यात ह्या सांगतात, कोणीतरी परिचारिका. माझ्या माणसाचं उदाहरण झालं आणि ह्या शिकवणाऱ्या झाल्या. मला वाटलं, जे ह्यांनी केलं तेच ह्यांच्या तोंडून सगळ्यांना ऐकू जाऊ दे. मग बघू कोण परिचारिका ते."

"आणि तो म्हातारा?" स्टेनोबाईंनी विचारलं.

निवेदिकेचा चेहरा उतरला. "कोणी तसं खरंच करेल, असं वाटलं नव्हतं. तीन दिवस घास उतरला नाही माझ्या घशाखाली. त्याची शिक्षा मला द्या. मी भोगते."

संचालक म्हणाले की पोलिसांना कळवावंच लागेल. तेव्हा ताई पहिल्यांदा बोलली. माझी नोंदणी मी स्वतः परत करते, म्हणाली, आणि हिला नेलं तर तोवर हिच्या नवऱ्याकडे मी बघते.

"तुम्ही त्यांना हात लावायचा नाही," निवेदिका म्हणाली. आवाज चढला नव्हता.

स्टेनोबाईंना बहिणीजवळ जावंसं वाटलं आणि त्या गेल्या नाहीत. ज्यानं हे केलं त्याला सोडणार नाही, असं त्या सोमवारी म्हणाल्या होत्या. त्यांनी शब्द फिरवला नाही.

"ऊठ ताई," त्या म्हणाल्या. "नोंदणी परत केलीस की तू घरी बसून मोकळी. एवढ्यावर भागायचं नाही. कोठीत चल. नववा पाठ वेबसाइटवर नाहीये आणि विद्यार्थी वाट बघतायत."

ध्वनिवाल्यानं माइक जोडला आणि दिवा बंद केला. बाहेर हेडफोनचे दोन जोड होते. एक त्यानं घेतला आणि दुसरा, कोणी न सांगता, निवेदिकेनं उचलला. स्टेनोबाई दाराशी उभ्या राहिल्या. पोलीस यायला अजून अवकाश होता.

दहा सेकंद झाले. ध्वनिवाल्यानं बोट वर केलं. वीस झाले, तीस झाले. त्यानं बोट तसंच धरून ठेवलं.

"पाठ नववा," आतून ताईचा आवाज आला. "अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी खिडकीजवळच्या खाटेवरच्या माणसानं पाणी मागितलं. त्याला आडवंच ठेवून पाणी पाजलं, ती परिचारिका मी. त्याच्या बायकोशी खोटं बोलले, तीही मीच."

ध्वनिवाल्यानं मान डोलावली. रेकॉर्डिंग स्वच्छ आलं होतं.

निवेदिकेनं हेडफोन कानावर घट्ट दाबला. "शेवटचं वाक्य नीट ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "त्यांना पुन्हा घ्यायला सांगा."

ध्वनिवाल्यानं स्टेनोबाईंकडे पाहिलं. स्टेनोबाईंनी दार किलकिलं करून आत निरोप सांगितला.

आत पेन्सिल दोनदा वाजली.